माउंटवरचं प्रवचन

आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना ‘सर्मन ऑन द माउंट’ शाळेतच ऐकायला मिळतं. मराठीत त्याला डोंगरावरचं प्रवचन म्हणतात. माझं आजचं प्रवचनसुद्धा माउंटवरचंच आहे, पण हा माउंट गाडीच्या बॉनेटखाली असतो. उद्यमनगरात त्याला कुणी ‘माउंटिंग’ म्हणतं, कुणी ‘फाउंडेशन’. लोखंडाचे दोन तुकडे आणि त्यांच्यामध्ये घट्ट चिकटवलेलं रबर, एवढीच ही वस्तू. तिच्यावर अख्खा लेख कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण मित्रांनो, चांगली चालणारी गाडी या रबरापायी ‘म्हातारी’ ठरते आणि कवडीमोलाने विकली जाते. आमच्या घरात हे होता होता राहिलं.

आधी या रबराचं काम काय ते बघू. इंजिनाला धरून ठेवायचं आणि त्याची थरथर मात्र बॉडीत जाऊ द्यायची नाही, अशी दुहेरी कसरत त्याला करावी लागते. (हॉस्टेलवाल्यांनी दोन भांडखोर पार्टनरच्या मधली कॉट आठवावी!) अमेरिकेत 1931 साली क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीत इंजिन रबरी माउंटवर ठेवलं आणि ‘फ्लोटिंग पॉवर’ म्हणून त्याची जोरदार जाहिरात केली. फ्रान्सच्या सिट्रोएनने ही पद्धत वापरण्याचे हक्क घेतले आणि गाडीवर चक्क पोहणाऱ्या हंसाचं चिन्ह लावलं. म्हणजे आज ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, ते रबर एके काळी गाडी विकायचं कारण होतं.

आता आपल्या गाड्यांकडे येऊ. मारुती 800 ही 1983 पासून 2014 पर्यंत बनत होती. तिचं इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. आयडलिंगला इंजिन मिनिटाला 900 फेरे घेतंय असं धरा, म्हणजे सेकंदाला 15. फोर स्ट्रोक, तीन सिलिंडर, म्हणून एका फेऱ्यात दीड वेळा फायरिंग. म्हणजे सेकंदाला साडेबावीस धक्के. आपण व्हायब्रेशनच्या चॅप्टरमध्ये घोकलेलं असतं की, धक्क्यांची फ्रिक्वेन्सी ही नॅचरल फ्रिक्वेन्सीच्या रूट टू पटीपेक्षा जास्त असेल तरच आयसोलेशन मिळतं. साडेबावीसला 1.414 ने भागा, जवळजवळ 16 येतात. म्हणजे इंजिन आणि रबर यांची मिळून नॅचरल फ्रिक्वेन्सी 16 हर्ट्झच्या बरीच खाली पाहिजे. त्यासाठी रबर मऊ पाहिजे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होतं, गळक्या ऑइलने फुगतं, शेवटी फाटतं आणि लोखंडाला लोखंड टेकतं. स्टिफनेस वाढला की नॅचरल फ्रिक्वेन्सी वर सरकते आणि ज्या रबराने थरथर अडवायची, तेच ती पुढे पोचवायला लागतं. परीक्षेत सहा मार्कांना येणारा हा ग्राफ सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीच्या स्टिअरिंगवर हाताला लागतो. आपल्याला हे कुणी सांगत नाही, एवढंच!

माझ्या काकांची गाडी वीस वर्षांहून जुनी. दसरा चौकात सिग्नलला थांबली की आरसे थरथरायचे, डॅशबोर्ड खडखडायचा आणि क्लच सोडताना खालून ‘ठक्क’ असा आवाज. एका चकचकीत ठिकाणी दाखवली, तर सल्ला मिळाला, “आता इंजिनाचं काम निघेल, त्यापेक्षा विकून टाका.” काकूंनी नव्या गाडीचे हप्तेसुद्धा काढून ठेवले. शेवटचं म्हणून उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीमामांकडे नेली. मामांनी काय केलं? बॉनेट उघडलं, काकांना हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडायला सांगितला आणि स्वतः बाजूला उभं राहून बघितलं. इंजिन एका अंगाने उचललं गेलं. मामा म्हणाले, “इंजिन भारी हाय हो. फाउंडेशन गेलंय नुसतं.”

नुसतं तेवढ्यावर त्यांनी विश्वास ठेवला नाही, हे मला जास्त आवडलं. थरथर मिसिंगमुळेही येते. म्हणून प्लग काढून बघितले, आयडलिंग तपासलं. मग गाडीखाली गेले. तेलाच्या गळतीने एक रबर पार चिघळलेलं, दुसऱ्याला बोट जाईल एवढी चीर. मामांनी आधी गळती बंद केली, कारण ती ठेवून नवं रबर बसवलं तर तेही त्याच वाटेने जाणार.

काम बघायला साधं, पण त्याला शिस्त आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. ऑइल सम्पखाली जाड लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिनाचा भार जेमतेम पेलायचा. नुसता जॅक लावला तर सम्पला पोचा पडतो. गाडी उचलली असेल तर स्टँड लावल्याशिवाय खाली शिरायचं नाही. जुना माउंट काढायचा, नवा बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने लावून घ्यायचे, इंजिन आपल्या जागेवर बसलं की मगच पाना चालवायचा. रबर पिळलेल्या अवस्थेत आवळलं तर ते पहिल्या दिवसापासून ताणातच राहतं. दोन तास लागले. पार्टचे काही शे रुपये आणि मजुरी. काकांची गाडी विकायचा विषय त्या दिवशी बंद झाला.

सांगायचा मुद्दा असा की, गाडी थरथरली म्हणजे संपली असं नाही. आपल्याकडे अजून पुष्कळांचा समज आहे की पंधरा वर्षं झाली की खासगी गाडी भंगारात. तसं नाही. फिटनेस तपासून, फी आणि पर्यावरण कर भरून रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षं वाढवून मिळतं. 2021 च्या स्क्रॅपेज धोरणातही खासगी गाडीची परीक्षा फिटनेसवर आहे, नुसत्या वयावर नाही. ज्या घरात एकच गाडी आहे आणि ती आजोबांना दवाखान्यात न्यायला लागते, त्या घराला हा फरक लाखांचा आहे.

दुसऱ्या बाजूनेही चूक होते, तेही लिहायला हवं. ‘चालतंय की’ म्हणत वर्ष-वर्ष काढणारे आपल्या कोल्हापुरात कमी नाहीत. एक माउंट गेला की त्याचा भार उरलेल्यांवर येतो, मग सायलेन्सरचा पाइप तडकतो, होज ताणले जातात, गिअर नीट पडत नाहीत. आणि जुन्या टायरचा तुकडा कापून कोंबण्याचा जुगाड? थोडे दिवस आवाज जातो, पण स्टिफनेस वाढलेलाच राहतो. रूट टू जुगाडाला भीक घालत नाही!

आता थोडं आपल्याबद्दल. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये वाहनांचे पार्ट ओतले जातात. याच गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. अशा गावात शिकणारे आपण, आणि आपल्यातल्या कितीजणांनी खरा माउंट हातात घेतलाय? ग्राफ आपल्याला येतो, मिस्त्रीमामांना येत नाही. पण गाडी त्यांनी ओळखली. दोन्ही गोष्टी एका माणसात आल्या तर तो इंजिनिअर, असं माझं मत आहे.

म्हणून सरांना आणि मॅडमना नम्र विनंती, वर्कशॉपमध्ये एक जुनी गाडी आणून ठेवा. चांगला माउंट आणि फाटका माउंट लावून दोन्ही वेळा थरथर मोजायचं प्रॅक्टिकल लावा. आणि उद्यमनगरातल्या एखाद्या मिस्त्रीला गेस्ट लेक्चरला बोलवा, शाल-श्रीफळ देऊन. “आता इलेक्ट्रिकचा जमाना आहे,” असं कुणी म्हणेल. त्या गाडीतली मोटरसुद्धा रबरी माउंटवरच बसते, आणि 2024 ची नवी स्विफ्ट पेट्रोलवर पुन्हा तीन सिलिंडरवरच आली आहे. रबर काही आपली पाठ सोडत नाही.

या सुट्टीत घरी गेलात की एवढं करा. बॉनेट उघडा, शेजारी मोठ्या माणसाला ब्रेकवर बसवा, बाजूला उभे राहा आणि इंजिन किती उचलतंय ते बघा. तुमच्या डिग्रीचा घरच्यांना झालेला तो पहिला उपयोग असेल.