जुनी मिल कोणी बंद पाडली?

सोलापुरात जुन्या मिलचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, कामगार संपाच्या नादी लागले आणि सोन्यासारखी गिरणी हातची गेली. ज्यांच्या आजोबांनी तिथं रात्रपाळ्या केल्या, तेही मान डोलावतात. मला जास्त लागतं ते हे मान डोलावणं.

सोलापुरात संप झाले, हे खरंच आहे. पण १८७७ सालच्या या गिरणीचा कणा कशानं मोडला, ते कागदोपत्री नोंदलेलं आहे. २७ जुलै १९४९ रोजी संचालकांनी कामगारांना बंदची नोटीस दिली. बरोबर महिन्यानं, २७ ऑगस्टला, गिरणी बंद झाली. पुढं ९ जानेवारी १९५० ला भारत सरकारनं या एकाच कंपनीसाठी अध्यादेश काढला. त्याच्या प्रास्ताविकात कारण दिलं आहे गैरव्यवस्थापन आणि हयगय; त्यातून जीवनावश्यक मालाचं उत्पादन घटलं आणि बेकारी ओढवली, असं तिथं म्हटलं आहे. दोष संपाला दिलेला नाही.

यावर कोणी म्हणेल, त्या अध्यादेशाच्या जागी आलेला कायदा सुप्रीम कोर्टानं टिकू दिला नाही. निकाल दोन आहेत. चिरंजितलाल चौधरी या भागधारकाचा त्या कायद्याविरुद्धचा अर्ज कोर्टानं ४ डिसेंबर १९५० रोजी फेटाळला. समानतेच्या हक्काचा अभ्यास करताना कायद्याचे विद्यार्थी आजही तो खटला वाचतात. १९५३ च्या निकालात सरकार हरलं, ते भरपाई न देता मालमत्ता ताब्यात घेतल्यामुळं. कारभार नीट होता, असा निर्वाळा त्या निकालानं संचालकांना दिलेला नाही.

आणि गिरणीचा भोंगा वाजायचा तेव्हाच सोलापूर जगत होतं, हेही मला पटत नाही. पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांत माग चालत होते. बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. मोठ्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या, तेव्हा चुली पेटत्या राहिल्या त्या या मागांवर आणि विड्यांवर. सोलापुरी चादरीचं नाव देशभर झालं, तेही या विणकरांच्या जिवावर. गिरणगावच्या आठवणी लिहिताना या घरांना निदान चिमणीइतकी जागा मिळायला हवी.

पुन्हा कोणी कामगारांवर बोट ठेवलं, तर मी एवढंच विचारेन : २७ जुलैची नोटीस कोणी काढली?