पांढऱ्याला चार हात लागतात

बीदरच्या पोरांना मान वर करून बघायची सवय असते. हवाई दलाचं सूर्यकिरण पथक 1996 साली इथल्याच तळावर उभं राहिलं. आधी किरण, आता हॉक. पण लाल-पांढरी नऊ विमानं डोक्यावरून गेली की हातातलं काम थांबतंच. म्हणून कॉलेजच्या प्रदर्शनासाठी मी हॉकचं 1:72 चं प्लॅस्टिक किट मागवलं. पैसे वडिलांनी दिले.

जुळवणी झकास झाली. लाल रंगही एका दमात बसला. मग पांढरा घेतला आणि एका रात्रीत सगळं घालवलं. खालचा लाल गुलाबी होऊन वर दिसायला लागला. मी आणखी जाड थर दिला. सकाळी पंखाखाली ओघळ, आणि पत्र्याच्या जोडांच्या बारीक रेषा पार बुजलेल्या. मॉडेल प्रदर्शनात ठेवलंच नाही. वडिलांना सांगितलं, "रंगच खराब निघाला."

ते खोटं होतं. रंग चांगला होता, घाई माझी होती. आणि माझं मत असं आहे की "पांढरा रंग झाकत नाही" ही आपल्या सगळ्यांची तक्रार बहुतेक वेळा अशीच असते.

माझे मामा भालकीकडे घरं रंगवतात. ते मॉडेल बघून हसले. म्हणाले, "काय गा, एका हातात लग्न उरकायलास व्हय? चुना मारताना कधी बघितला न्हाईस का?" रंगारी थराला 'हात' म्हणतात. चुन्याचा पहिला हात ओला असताना भिंत नुसती भिजल्यासारखी दिसते. वाळल्यावर तो उघडतो. आज मारलेला चुना उद्या बघायचा, मग दुसरा हात.

यामागं साधं कारण आहे. काळा रंग उजेड गिळतो, म्हणून पातळ थरातही भागतं. पांढऱ्याला तोच उजेड उधळून परत पाठवावा लागतो. ते काम त्यातले टायटॅनियम डायऑक्साइडचे कण करतात, आणि एका पातळ थरात ते पुरेसे नसतात. मग एकच जाड थर का नको? हिशेब करा. 1:72 च्या मॉडेलवर 0.1 मिलिमीटर जादा रंग म्हणजे खऱ्या विमानावर 7 मिलिमीटरचा लेप! साडेबारा मीटरचं विमान इथं जेमतेम 17 सेंटीमीटरचं असतं. त्यावर रेषा टिकणार कशा?

दुसरी चूक क्रमाची. आपल्या बिदरी कामात चांदी आधी बसवतात आणि किल्ल्यातल्या मातीनं धातू नंतर काळा करतात. पांढरं आधी, गडद नंतर. गावात रोज दिसणारी गोष्ट, पण मी उलटं केलं.

दुसऱ्या किटला आठवडा दिला. साबणाच्या पाण्यानं धुतलं, फिकट राखाडी प्रायमर मारला. पांढरा ॲक्रिलिक दुधासारखा पातळ करून चार हात दिले. पहिला हात ढगाळ, डागाळ दिसला. हात शिवशिवत होते, पण तिथंच थांबायचं असतं. अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश फिरवला की खालचाही थर उचलला जातो. प्रत्येक हात पूर्ण वाळू दिला, मध्ये दिसलेले कण बारीक वॉटर पेपरनं घासले. शेवटी टेप लावून लाल. ते विमान वडिलांच्या हातात ठेवलं तेव्हा पहिल्याचं खरंही सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मला माहीत होतं."

मित्र म्हणतात, महागडा स्प्रे आण, एका फवाऱ्यात काम. आणा की! पण फवाराही जवळून, जाड मारला तर ओघळणारच. आणि थर्माकोलवर मारलात तर थर्माकोलच विरघळेल.

म्हणून प्रदर्शन भरवणाऱ्यांना एक सुचवतो. मॉडेलशेजारी एक, दोन, तीन आणि चार हात दिलेले चार प्लॅस्टिकचे चमचे ठेवायला सांगा, आणि त्यालाही गुण द्या. नुसतं चकचकीत मॉडेल बघून पुढच्या वर्षीची पोरं माझ्यासारखीच आदल्या रात्री रंगाचा डबा उघडतील. पहिल्या हाताचा तो डागाळ चमचा बघितला, तर कदाचित आठवडाभर आधी बसतील.