बिल्ला नाही, तर मदत नाही
वाशिम जिल्ह्यात मानोरा-मंगरुळपीरच्या माळावर वीज पडून जनावर दगावले, तर सरकारी मदतीची तरतूद आहे. 2022 ते 2026 साठीच्या केंद्रीय निकषांत दुभत्या गाई-म्हशीस 37,500, बैलास 32,000 व शेळीस 4,000 रुपये ठरविले गेले. परंतु कानात बिल्ला नसलेल्या जनावरास 1 जून 2024 पासून आपत्तीची भरपाई देय नाही, असा राज्य सरकारचा नियम झाला. ज्याची सारी मत्ता दोन शेळ्या, त्यालाच ही अट सर्वांत जड जाते. ती आम्हांस अन्यायाची वाटते. तथापि ती बदलेपर्यंत तिच्यापायी हक्क बुडू देऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन बिल्ला मारून घ्या. जनावर दगावताच तलाठ्यास कळवा. पंचनामा व शवविच्छेदन झाल्यावाचून ते पुरू नका, आणि पंचनाम्याची नक्कल मागून घ्या.