शहापूरची रंगपंचमी
बेळगाव धुळवडीला रंग खेळून मोकळं होतं. कपिलेश्वर पूल ओलांडला की शहापूर मात्र रंगपंचमीची वाट बघत बसलेलं. १९४८ पर्यंत हे गाव सांगलीच्या पटवर्धनांचं, पलीकडचं बेळगाव इंग्रजांचं. मला तर या रंगात तीच जुनी हद्द दिसते. शहापूरच्या गल्ल्याही जुन्याच: खडेबाजार, सराफ गल्ली, कोरे गल्ली... कौलारू घरं एकमेकांना खेटून, तोंडाला अरुंद नि आत लांबच लांब. पुढे कट्टा, मग सोपा, आणि घर विणकराचं असेल तर खड्ड्यात पाय सोडून चालवायचा हातमाग. शहापुरी साडी अशाच घरांतून निघाली. आता कौलं उतरून स्लॅब पडताहेत, कट्टे दुचाक्यांनी गिळले. त्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही, तेही सीमाभागात!