कोअर 16, पण एकमेकांशी बोलायला वेळ किती?

प्रोसेसर घेताना आपण दोन आकडे बघतो: किती कोअर आणि किती गिगाहर्ट्झ. तिसरा एक आकडा मात्र बॉक्सवर कधीच छापलेला नसतो. एका कोअरचा निरोप दुसऱ्या कोअरपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो? यालाच कोअर-टू-कोअर लेटन्सी म्हणतात.

हे मोजतात कसं? दोन कोअरवर एकेक छोटा प्रोग्रॅम चालवतात. पहिल्याने मेमरीतला एक आकडा बदलायचा, दुसऱ्याने तो बदल दिसताच पुन्हा बदलायचा. अगदी टेबल टेनिससारखं! अशा लाखो फेऱ्या झाल्या की एकूण वेळेला फेऱ्यांनी भागायचं. कोअरच्या प्रत्येक जोडीसाठी हेच करायचं, की तक्ता तयार.

ऑगस्ट 2024 मध्ये एएमडीचा रायझन 9 9950एक्स आला, तेव्हा याच तक्त्याने सगळ्यांना चक्रावून टाकलं. यातले 16 कोअर एका तुकड्यावर नाहीत. 8-8 कोअरचे दोन वेगळे तुकडे, म्हणजे चिपलेट आहेत. एकाच चिपलेटमध्ये निरोप 20 नॅनोसेकंदांच्या आसपास पोहोचत होता, पण दुसऱ्या चिपलेटवर जायला 180 ते 200 लागत होते. आधीच्या पिढीच्या 7950एक्समध्ये तोच आकडा 80 च्या आसपास होता. म्हणजे नवी चिप इथे चक्क मागे गेली होती.

पुढच्याच महिन्यात बायॉस अपडेट आलं आणि ही लेटन्सी निम्म्याहून कमी झाली. चिप तीच, बदललं फक्त फर्मवेअर.

मग याचा फरक सगळ्यांना जाणवला का? नाही. व्हिडिओ रेंडर करताना प्रत्येक कोअर बराचसा आपापलं काम करतो, निरोप कमी लागतात. फटका बसतो तो कोअरना सतत एकमेकांशी बोलावं लागतं अशा कामांना, उदा. काही गेम्स.

फोनमध्ये सगळे कोअर साधारणपणे एकाच चिपवर असतात, त्यामुळे नेमकी हीच अडचण तिथे येत नाही. पण काम मोठ्या कोअरवरून छोट्या कोअरवर ढकललं, की डेटाही मागोमाग न्यावा लागतो आणि त्यात वेळ जातोच.

म्हणून नुसत्या कोअरच्या संख्येवर भाळू नका. रिव्ह्यू वाचताना टेस्ट कोणत्या फर्मवेअरवर झाली तेही बघा. आणि तुमच्याकडे हाच प्रोसेसर असेल, तर बायॉस अपडेट केलंय ना?