घड्या घालते कोण?

तंतुकणिकेची आकृती प्रत्येक विद्यार्थ्याने कधी ना कधी काढलेली असते. बाहेरचे पटल गुळगुळीत, आतले घड्याघड्यांचे. या घड्या कशासाठी? ‘पृष्ठफळ वाढावे म्हणून’ हे उत्तर पाठ असते. गुण मिळतात आणि विषय तेथेच संपतो.

माझ्या मते तो तेथे संपू नये. पृष्ठफळ वाढणे हा घड्यांचा फायदा झाला. त्या फायद्यामुळे घड्या उत्क्रांतीत टिकल्या, हेही खरे. परंतु पटलाला फायदा-तोटा कळत नाही. ते वाकायचे तर त्याला कोणीतरी वाकवले पाहिजे. कोण वाकवते?

उत्तराचा मोठा भाग एका प्रथिनाच्या आकारात आहे. एटीपी बनवणारे एटीपी सिंथेज हे प्रथिन आंतरपटलात रोवलेले असते. त्याचे रेणू जोडीने राहतात आणि जोडीतले दोघे समांतर उभे न राहता परस्परांपासून दूर कललेले असतात. यीस्टमध्ये हा कोन सुमारे ८६ अंशांचा आहे. साहजिकच लवचीक पटल जोडीपाशी छपराच्या आढ्यासारखे वाकते. जोड्यांची रांग लागली की घडीची कड तयार होते. २००२ साली फ्रान्समधील संशोधकांनी यीस्टमध्ये जोडी जुळवणारे घटक बनूच दिले नाहीत. तेव्हा नेहमीच्या घड्यांऐवजी कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसले! घड्या घडवण्यात इतर प्रथिनांचाही वाटा आहे. पण कोनाचे महत्त्व यावरून पटावे.

आता सांगा, हे जीवशास्त्र की भौतिकशास्त्र? याच पटलाच्या दोन बाजूंत सुमारे ०.१५ व्होल्ट विभवांतर असते आणि पटलाची जाडी असते सुमारे ५ नॅनोमीटर. भागाकार करून पाहा: मीटरला ३ कोटी व्होल्ट! हवेत ठिणगी पडायला याचा दहावा हिस्सा पुरतो.

दहावीनंतर ‘मला गणित नको’ किंवा ‘मला जीवशास्त्र नको’ म्हणणाऱ्यांनी हा भागाकार लक्षात ठेवावा. निसर्गाने विषयांचे तास वेगळे केलेले नाहीत.

शिक्षकांना एक विनंती. अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई मी जाणतो; पण पाच मिनिटे काढा. पुठ्ठ्याचे तुकडे मधोमध दुमडून छपरासारखे ओळीत उभे करा, वर ओला रुमाल पसरा. कड आपोआप उठेल. मग विचारा, ‘घडी कोणी घातली?’ ‘कशासाठी’ या प्रश्नाबरोबर ‘कशामुळे’ हा प्रश्न विचारायची सवय लागली, तर ती परीक्षेनंतरही उपयोगी पडेल.