“सगळं ठीक आहे!”

सुरुवातीलाच सांगते, माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठीत पत्रसुद्धा मी कधी लिहिलं नाही, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय इंग्लिशमध्ये लिहिला असता तर घरी कोणी वाचला नसता, आणि तो घरीच वाचला जायला हवा.

विषय आहे तीन शब्दांचा : “सगळं ठीक आहे”. रात्री साडेनऊला आपल्या हॉस्टेलच्या जिन्यात उभे राहा. प्रत्येक पायरीवर एकजण फोनवर हेच बोलत असतो. जेवलीस का? हो. अभ्यास? चालू आहे. सगळं ठीक? सगळं ठीक आहे!

माझा मावसदादा चार वर्षांपूर्वी एकटाच एम.एस.ला अमेरिकेला गेला. एअरपोर्टवर आईबाबांना पेढे, हार, फोटो. पुढचं आम्हाला दोन वर्षांनी कळलं. त्याची बॅग तीन दिवस आलीच नाही. ज्या रूमसाठी इथूनच डिपॉझिट भरलं होतं ती रूम अस्तित्वातच नव्हती. पहिले आठ दिवस तो एका अनोळखी सीनियरच्या हॉलमध्ये सतरंजीवर झोपला, आणि थंडीत जॅकेटऐवजी दोन शर्ट घालून फिरला. मावशीला मात्र रोज एकच उत्तर : सगळं ठीक आहे. हे कळल्यावर मावशी रडली, पण त्रासाबद्दल नाही. “मला सांगितलं का नाही?” म्हणून रडली.

आता जरा उरणच्या बाहेर, म्हणजे समुद्रावर जाऊ या. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँचने जाताना समोर जी मुंबई दिसते, त्या मुंबईत १९६०च्या दशकात ‘सुहेली’ नावाची एक छोटी सागवानी शिडाची बोट बांधली गेली. ती घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्लिश खलाशी १४ जून १९६८ला एकटा निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ला, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. हे करणारा तो जगातला पहिला माणूस. वाटेत काय काय झालं बघा. बोट गळायला लागली, तर याने पाण्यात बुडी मारून फटींमध्ये कापूस ठासला. पिण्याचं पाणी खराब झालं, रेडिओ बंद पडला, आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडलं. शर्यतीत एकूण नऊजण होते. पूर्ण करणारा हा एकटा.

त्याच नऊजणांत डोनाल्ड क्रोहर्स्ट होता. आपल्यापैकीच एक म्हणा ना, इलेक्ट्रॉनिक्सवाला! घर आणि धंदा दोन्ही पणाला लावून निघाला. बोट पहिल्या काही दिवसांतच गळू लागली. पुढे जाणं धोक्याचं, आणि परत फिरणं म्हणजे दिवाळं. मग त्याने तिसराच रस्ता काढला. तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून मात्र खोट्या जागा कळवत राहिला. इकडे लोक खूश, पेपरात कौतुक. म्हणजे “सगळं ठीक आहे”! १० जुलै १९६९ला त्याची बोट रिकामी सापडली. आत वह्या होत्या, तो नव्हता. तो कधीच सापडला नाही. नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे ५,००० पौंड त्याच्या बायकोमुलांना देऊन टाकले.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला झोप लागली नाही. कारण बोट दोघांचीही गळत होती! फरक इतकाच की एकाने फटीत कापूस भरला आणि दुसऱ्याने फट लपवली.

पुढची गोष्ट आपल्याकडची. निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या डोक्यातून ‘सागर परिक्रमा’ची कल्पना निघाली आणि नौदलातले दिलीप दोंदे तयार झाले. ‘म्हादेई’ ही ५६ फुटी बोट गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली गेली, आणि दोंदे त्या बांधणीतही होते. ऑगस्ट २००९ ते मे २०१०, वाटेत फक्त चार थांबे घेऊन त्यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. स्वतः उभी केलेली बोट कुठे दुखते हे माणसाला कळतं. (वर्कशॉपची जॉब्स दुसऱ्याकडून करून घेणाऱ्यांनी नोंद घ्यावी. त्यात मीही आले!)

त्यांच्यानंतर अभिलाष टॉमी. २०१२-१३मध्ये ते याच म्हादेईवरून न थांबता जाऊन आले. मग २०१८मध्ये, त्या जुन्या शर्यतीला पन्नास वर्षं झाली म्हणून जुन्याच साधनांनिशी पुन्हा शर्यत झाली, तीत ते ‘सुहेली’सारखीच गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ घेऊन उतरले. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात बोट उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला. त्यांनी काय कळवलं? डोलकाठी गेली, पाठ दुखावली आहे, मला उठता येत नाही. बस्स! नौदलाचं विमान शोधायला निघालं आणि तिसऱ्या दिवशी फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. मणक्याची शस्त्रक्रिया झाली. आणि २०२३मध्ये हाच माणूस तीच शर्यत दुसऱ्या नंबरने पूर्ण करून आला.

“मला उठता येत नाही.” नौदलातला कमांडर हे बोलू शकतो आणि सेकंड इयरची मुलगी बोलू शकत नाही?

होय, ती मुलगी मीच. फर्स्ट इयरला मॅथ्समध्ये केटी लागली. बारावीपर्यंत नव्वदच्या खाली न आलेली मी! घरी सांगितलं, रिझल्ट लागायचाय. मग म्हटलं, मार्कशीट यायचीय. पाच महिने खोटं पोझिशन कळवत होते. जेवण जाईना. एका रात्री मेसच्या मावशींनीच विचारलं, “पोरी, घरी भांडण झालंय का?” तेव्हा बांध फुटला. दुसऱ्या दिवशी बाबांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “एवढंच ना? मला वाटलं तू आजारी आहेस.” दुसऱ्या अटेम्प्टला पेपर सुटला.

कोणी म्हणेल, घरच्यांना उगाच काळजी कशाला? हे मला पटतं. दर शिंकेचा रिपोर्ट नको. पण घरच्यांना काळजी आपण गप्प बसलो तरी असतेच, फक्त मग ती कशाची करायची हे त्यांना माहीत नसतं. करंज्याच्या एका तांडेलकाकांना मी विचारलं, इंजिन बंद पडलं तर काय करता? म्हणाले, वायरलेसवर जवळच्या बोटीला सांगतो. लाज नाही वाटत? ते हसले. “दर्यात लाज नाय चालत.”

म्हणून रेक्टर सरांना आणि स्टाफला एक विनंती. दरवर्षी परदेशी गेलेले माजी विद्यार्थी येतात, स्लाइड्स दाखवतात, पॅकेज सांगतात, टाळ्या होतात. एक दिवस त्यांना फक्त फजित्या सांगायला बोलवा. बॅग हरवली तर पहिला फोन कुणाला, न पाहिलेल्या रूमचे पैसे का भरू नयेत, पहिल्या सेमिस्टरला नापास झालो तेव्हा काय केलं. स्लाइड्स नकोत. माझी रूममेट सप्टेंबरमध्ये एकटी जर्मनीला चालली आहे. तिला पेढ्यांपेक्षा याची जास्त गरज आहे.

आणि मित्रमैत्रिणींनो, आज रात्री जिन्यात फोन कराल तेव्हा एक तरी वाक्य खरं बोला.